मधुमेह नियंत्रणात व्यायामाची भूमिका : जयपूरमधील मराठी भाषक लाभार्थ्यांसाठी माहिती

नोकरी, गलाई किंवा दागिन्यांचा व्यवसाय, मजुरी, शिक्षण अशा कारणांनी जयपूर व परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी ही माहिती दिली आहे. महाराष्ट्रातील वाचकांनाही व्यायामाविषयीचा भाग तसाच लागू आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

- मधुमेहात व्यायाम हाही औषधोपचाराचाच भाग आहे. गोळीप्रमाणे त्यालाही मात्रा, वेळ आणि सावधगिरी असते.
- आठवड्याला किमान १५० मिनिटे भरभर चालावे. सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नये.
- दिवसातून एकदाच चालणे जमत नसेल तर प्रत्येक मुख्य जेवणानंतर १० मिनिटे चालावे.
- व्यायाम सुरू करण्यापूर्वी साखर, रक्तदाब, डोळे आणि पाय तपासून घ्यावेत. यातील बऱ्याच तपासण्या सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होतात.
- इन्शुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी चालू असल्यास खिशात साखर ठेवल्याशिवाय बाहेर पडू नये.

व्यायामाने साखर कशी कमी होते?

आपण खाल्लेल्या अन्नातील साखर रक्तात येते. तेथून ती पेशींमध्ये शिरण्यासाठी इन्शुलिनची गरज असते. टाइप २ मधुमेहात शरीरात इन्शुलिन असूनही ते नीट काम करत नाही, त्यामुळे साखर रक्तातच साचून राहते.

स्नायू काम करू लागले की ते इन्शुलिनवर फारसे अवलंबून न राहता रक्तातील साखर ओढून घेतात. म्हणून चालणे सुरू असतानाच साखर उतरू लागते. व्यायाम संपल्यानंतरही स्नायू इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देत राहतात. हा परिणाम साधारण एक ते तीन दिवस टिकतो आणि मग ओसरतो. रविवारी तीन तास चालून उरलेला आठवडा बसून काढल्यास उपयोग होत नाही, त्याचे कारण हेच. थोडा पण नियमित व्यायाम अधिक फायद्याचा ठरतो.

याशिवाय रक्तदाब, पोटाचा घेर व रक्तातील चरबी कमी होते, झोप सुधारते आणि हृदयविकाराचा धोका घटतो. वजनाच्या काट्यावर फरक दिसला नाही तरी साखरेवर परिणाम होतच असतो. त्यामुळे वजन उतरले नाही म्हणून व्यायाम सोडू नये.

भारतातील अनुभव काय सांगतो?

चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले ५३१ लोक होते. कोणताही विशेष उपाय न दिलेल्या गटातील ५५ टक्के लोकांना सुमारे तीन वर्षांत मधुमेह झाला. रोज चालणे आणि आहारात बदल करणाऱ्या गटात हे प्रमाण ३९.३ टक्के राहिले. मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्या गटातही ते जवळपास तेवढेच, म्हणजे ४०.५ टक्के होते. याचा अर्थ, ज्यांची साखर अजून सीमेवर आहे त्यांना चालणे व आहार यांतून गोळीइतकाच फायदा मिळाला.

ज्यांना मधुमेह झाला आहे त्यांच्यासाठी मात्र व्यायाम गोळीच्या जागी नसून गोळीच्या जोडीला आहे.

२०२३ मध्ये जाहीर झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि त्याहून अधिक, सुमारे १३ कोटी ६० लाख लोक सीमेवर आहेत. सीमेवरील व्यक्तीला सहसा कोणताही त्रास जाणवत नाही. त्यामुळे त्रास नसला तरी तपासणी करून घेणे गरजेचे आहे.

कोणता व्यायाम, किती करावा?

१. भरभर चालणे : आठवड्याला किमान १५० मिनिटे, म्हणजे पाच दिवस रोज ३० मिनिटे. चालताना बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये, इतका वेग योग्य समजावा. सायकल चालवणे, पोहणे, जिने चढणे हेही चालते.

२. स्नायूंना ताकद देणारा व्यायाम : आठवड्यातून दोन ते तीन दिवस, मध्ये एक दिवस सोडून. यासाठी व्यायामशाळेची गरज नाही. हाताचा आधार न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, उभ्याने टाचा उचलणे, पाण्याने भरलेली एक लिटरची बाटली हातात धरून वर-खाली करणे हे प्रकार घरी करता येतात. प्रत्येक प्रकार १० वेळा करावा. श्वास रोखून धरू नये.

३. लवचीकता व तोल : योगासने, हळू गतीने सूर्यनमस्कार, एका पायावर उभे राहण्याचा सराव. साठीपुढील व्यक्तींनी तोल सांभाळण्याचा सराव भिंतीजवळ किंवा कोणी सोबत असताना करावा.

४. बैठक मोडणे : दर अर्ध्या तासाने दोन-तीन मिनिटे उठून फिरावे. जयपुरात रत्नांना पैलू पाडणारे, दागिने घडवणारे, शिवणकाम करणारे आणि दुकानात बसणारे अनेक जण दिवसाचे आठ-दहा तास एकाच जागी असतात. सकाळी अर्धा तास चालल्यानंतरही या लांब बैठकीचा तोटा उरतोच, म्हणून मध्ये मध्ये उठणे आवश्यक आहे.

भारतीय व्यक्तींमध्ये वजन कमी असतानाही मधुमेह होतो. त्यामुळे भारतीय तज्ज्ञांनी २०१२ मध्ये आपल्या लोकांसाठी रोज एकूण ६० मिनिटांच्या हालचालीची शिफारस केली. त्यात ३० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम, १५ मिनिटे कामातील हालचाल आणि १५ मिनिटे स्नायूंचा व्यायाम धरला आहे. १५० मिनिटे जमू लागल्यावर हे पुढचे उद्दिष्ट ठेवावे.

जेवणानंतरची शतपावली

रात्रीच्या जेवणानंतर शतपावली करण्याची पद्धत मराठी घरांत जुनी आहे. मधुमेहात तिचा प्रत्यक्ष उपयोग होतो, कारण जेवणानंतरच्या पहिल्या एक-दोन तासांत साखर सर्वाधिक चढते आणि त्याच वेळी स्नायू ती वापरू लागतात.

न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेहाच्या ४१ रुग्णांवर झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन पद्धतींची तुलना केली गेली : दिवसातून कधीही एकदा ३० मिनिटे चालणे आणि तीन मुख्य जेवणांनंतर १०-१० मिनिटे चालणे. एकूण वेळ सारखाच होता. जेवणानंतर चालल्यावर जेवणोत्तर साखरेतील वाढ सरासरी १२ टक्क्यांनी कमी दिसली, तर रात्रीच्या जेवणानंतर ती २२ टक्क्यांनी कमी होती.

शतपावली मात्र शंभर पावलांवर थांबवू नये. मिनिटाला शंभर पावले या वेगाने १० मिनिटांत साधारण एक हजार पावले होतात. तेवढे चालणे गच्चीवर, गल्लीत किंवा घरातल्या घरातही होऊ शकते. अंधारात बाहेर जाणे शक्य नसलेल्या महिलांना आणि ज्येष्ठांना हा मार्ग सोयीचा आहे.

सुरुवात कशी करावी?

- पहिला व दुसरा आठवडा : दोन जेवणांनंतर ५-५ मिनिटे.
- तिसरा व चौथा आठवडा : दोन जेवणांनंतर १०-१० मिनिटे. सोबत आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचा व्यायाम.
- पाचव्या आठवड्यापासून : तिन्ही जेवणांनंतर १०-१० मिनिटे. आठवड्यातून पाच दिवस जमले तरी १५० मिनिटे पूर्ण होतात.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर चाललेल्या दिवशी खूण करावी. पुढच्या तपासणीला जाताना त्याचा फोटो काढून डॉक्टरांना दाखवावा. औषधाची मात्रा ठरवताना ही माहिती उपयोगी पडते.

व्यायामापूर्वी कोणत्या तपासण्या कराव्यात? त्या कुठे होतात?

साधे चालणे सुरू करण्यासाठी बहुतेकांना थांबून राहण्याची गरज नसते. मात्र मधुमेह अनेक वर्षांपासून असेल, वय चाळिशीपुढे असेल, छातीत दुखणे किंवा धाप लागणे असेल, तर आधी डॉक्टरांना भेटावे.

_राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग प्रतिबंध व नियंत्रण कार्यक्रम_

हा कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला. याअंतर्गत ३० वर्षे व त्यापुढील सर्व व्यक्तींची मधुमेह, उच्च रक्तदाब आणि तोंडाचा कर्करोग यांसाठी, तसेच महिलांची स्तन व गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी तपासणी केली जाते. आशा कार्यकर्ती घरी येऊन एक प्रश्नावली भरते. तिच्यात कंबरेचा घेर, तंबाखू, दारू, घरातील आजार यांबरोबर तुम्ही आठवड्याला १५० मिनिटे शारीरिक हालचाल करता का, हाही प्रश्न असतो. उत्तर 'नाही' असल्यास धोक्याचा एक गुण वाढतो. कंबर पुरुषांत ९० आणि महिलांत ८० सेंटीमीटरपेक्षा अधिक असल्यासही गुण वाढतात. एकूण गुण चारपेक्षा जास्त झाल्यास प्राधान्याने तपासणीला बोलावले जाते. प्रश्नांची उत्तरे खरी द्यावीत. कमी गुण मिळावेत म्हणून चुकीचे सांगितल्यास नुकसान आपलेच होते.

_कुठे जावे?_

जवळचे आयुष्मान आरोग्य मंदिर, शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा जनता क्लिनिक येथे साखर व रक्तदाब तपासला जातो. डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड, हृदय यांच्या पुढील तपासणीसाठी जिल्हा किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवले जाते. जयपुरात सवाई मानसिंह रुग्णालय हे सर्वांत मोठे सरकारी रुग्णालय आहे.

_मोफत औषध आणि तपासणी_

राजस्थानात मुख्यमंत्री निःशुल्क दवा योजना २ ऑक्टोबर २०११ पासून आणि निःशुल्क जाँच योजना ७ एप्रिल २०१३ पासून सुरू आहे. सरकारी रुग्णालयांतील औषध वितरण केंद्रावर डॉक्टरांच्या चिठ्ठीवर यादीतील औषधे मोफत मिळतात. जाताना जनआधार आणि आधार कार्ड सोबत न्यावे. ओळखपत्र दुसऱ्या राज्याचे असेल तर आपल्याला कोणत्या सेवा मोफत आहेत, हे नोंदणीच्या खिडकीवरच विचारून घ्यावे.

_आयुष्मान कार्डाबाबत नेहमी होणारा गैरसमज_

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. ते रुग्णालयात भरती होऊन घेतलेल्या उपचारांसाठी असते. बाह्यरुग्ण विभागात दर महिन्याला लागणाऱ्या गोळ्या आणि साखरेच्या तपासण्या या कार्डावर होत नाहीत. त्यासाठी वर सांगितलेली आरोग्य केंद्रे आणि मोफत औषध योजना आहे. कार्ड आहे म्हणून नियमित तपासणी टाळू नये. महाराष्ट्रात काढलेले आयुष्मान कार्ड देशातील इतर राज्यांतील संलग्न रुग्णालयांतही वापरता येते. ७० वर्षे व त्यापुढील नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता या योजनेत स्वतंत्र कार्ड मिळते.

साखर खूप उतरल्यास काय करावे?

रक्तातील साखर ७० च्या खाली जाणे धोकादायक असते. याला हायपोग्लायसेमिया म्हणतात. केवळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांना हा धोका फार कमी असतो. इन्शुलिन, ग्लायमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांना तो जास्त असतो. आपली गोळी कोणत्या प्रकारची आहे, हे औषध घेतानाच विचारून ठेवावे.

लक्षणे : अचानक घाम, हात थरथरणे, छातीत धडधड, खूप भूक, डोळ्यांपुढे अंधारी, चिडचिड, बोलणे अडखळणे.

उपाय :

- लगेच थांबावे व बसावे.
- तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घालून प्यावी.
- १५ मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. अजूनही ७० च्या खाली असल्यास पुन्हा तेवढीच साखर घ्यावी.
- बरे वाटल्यावर पोळी, बिस्किट असे काही खावे.
- व्यक्ती बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

वर सांगितलेली औषधे चालू असतील आणि व्यायामापूर्वी साखर ९० च्या खाली असेल, तर आधी थोडे खाऊन मग निघावे. साखर २५० च्या वर असून मळमळ, उलटी, पोटदुखी किंवा खूप थकवा असेल, तर व्यायाम न करता डॉक्टरांकडे जावे. खिशात साखरेची पुडी आणि आपले नाव, आजार, घरचा फोन क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.

पायांची काळजी

मधुमेह जुना झाल्यावर पायांची संवेदना कमी होते. बूट चावला, खडा टोचला, चटका बसला तरी कळत नाही. लहान फोड चिघळतो आणि वेळेत उपचार न झाल्यास बोट किंवा पाय काढावा लागतो.

जयपूर शहर कृत्रिम पायासाठी जगभर ओळखले जाते. 'जयपूर फूट' १९६८ मध्ये सवाई मानसिंह रुग्णालयात डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांच्या प्रयत्नांतून तयार झाला. १९७५ मध्ये स्थापन झालेली भगवान महावीर विकलांग सहायता समिती गरजूंना तो मोफत बसवून देते. पाय गमावलेल्या व्यक्तीला हा मोठाच आधार आहे. मधुमेहात मात्र रोज काही मिनिटे लक्ष दिल्यास स्वतःचा पाय वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते.

- चालून आल्यावर दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवावा किंवा घरातील कोणाला पाहायला सांगावे.
- पुढून बंद, मऊ तळाचे आणि सैलसर बूट सुती मोज्यांसह वापरावेत. घालण्यापूर्वी बूट झटकून आतून हात फिरवावा.
- अनवाणी चालू नये. मंदिरात प्रदक्षिणा घालायची असल्यास फरशी तापण्यापूर्वी, पहाटे जावे आणि शक्य तेथे मोजे घालावेत.
- जखम, फोड किंवा रंग बदललेला दिसल्यास त्या पायावर भार देणारा व्यायाम बंद करून त्याच दिवशी आरोग्य केंद्रात दाखवावे. तोपर्यंत खुर्चीत बसून हातांचे व्यायाम करावेत.

डोळ्यांच्या पडद्यावर मधुमेहाचा परिणाम झाला असल्यास जड वजन उचलणे, उड्या मारणे, डोके खाली येणारी आसने टाळावीत. कोणता व्यायाम चालेल, हे नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

जयपूरच्या हवामानात व्यायाम

मे-जूनमध्ये जयपूरचे तापमान अनेकदा ४० अंशांच्या पुढे जाते. साखर वाढलेली असताना लघवी जास्त होते आणि शरीरातील पाणी लवकर कमी होते. त्यामुळे उन्हाळ्यात सूर्य वर येण्यापूर्वी किंवा रात्रीच्या जेवणानंतरच चालावे. सेंट्रल पार्क, रामनिवास बाग, जवाहर सर्कल येथे सकाळी चालणाऱ्यांची सोबत मिळते. परकोट्यातील बाजारांचे बरामदे दुकाने उघडण्यापूर्वी मोकळे असतात व तेथे सावली असते. लू चालू असताना घरातच चालावे. इन्शुलिनची कुपी उन्हात किंवा गाडीत ठेवू नये.

थंडीत पहाटेच्या गारठ्यात हृदयविकार असलेल्यांनी बाहेर पडू नये. ऊन पडल्यावर चालावे.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

_घरकाम किंवा मजुरी करतो, तरी वेगळा व्यायाम हवा का?_
ज्या कामात श्वास वाढतो, ते काम व्यायामात धरले जाते. पाणी भरणे, जिने चढणे, ओझे उचलणे यांत ते होते. बसून भाजी निवडणे किंवा स्वयंपाक यांत होत नाही. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये आणि साखर उतरण्याची लक्षणे ओळखावीत, हे त्यांच्यासाठी जास्त महत्त्वाचे आहे.

_साखर नॉर्मल आली, आता गोळी बंद करू का?_
नाही. गोळी आणि व्यायाम दोन्ही चालू असल्यामुळे साखर नॉर्मल आलेली असू शकते. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी तपासणी पाहून मात्रा कमी करण्याचा निर्णय डॉक्टर घेतात.

_उपवासाच्या दिवशी चालावे का?_
इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर रिकाम्या पोटी भरभर चालू नये. एकादशी, संकष्टी, नवरात्र यांपूर्वी औषधाच्या वेळेबाबत डॉक्टरांना विचारावे. साबुदाणा खिचडी आणि बटाट्याने साखर वेगाने चढते, हेही लक्षात ठेवावे.

_फक्त योगासने केली तर पुरेत का?_
योगासनांनी लवचीकता, तोल आणि मनःशांती मिळते आणि साखरेलाही मदत होते. मात्र हळू गतीच्या आसनांनी चालण्याची जागा भरून निघत नाही. दोन्ही करावे.

_चालताना छातीत दाब किंवा जबड्यात, डाव्या हातात कळ आली तर?_
तत्काळ थांबावे, बसावे व १०८ वर फोन करावा. गॅस असेल असे समजून घरी जाऊ नये.

उपयुक्त क्रमांक

- रुग्णवाहिका : १०८
- राजस्थान आरोग्य सल्ला : १०४
- आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना : १४५५५
- राजस्थान संपर्क, सेवा न मिळाल्यास तक्रार : १८१

ही माहिती सर्वसाधारण मार्गदर्शनासाठी आहे. गरोदर महिला, टाइप १ मधुमेह असलेली मुले आणि हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्या व्यक्तींनी आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच व्यायाम ठरवावा.